संग्रहालय आणि तब्येत: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही मित्रमंडळी ज्येष्ठांना, आजारपणातून उठलेल्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्या घरच्यांना सोबत घेऊन आसपासची वस्तुसंग्रहालयं पाहायला जातो. त्यावरून फोनवर, व्हॉट्सॲपवर, लग्नाच्या पंगतीत जे प्रश्न येत राहतात ते इथं एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. एखाद्या गोष्टीचं सविस्तर उत्तर दुसरीकडं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. संग्रहालयात जाऊन तब्येत कशी सुधारणार? तिथं तर नुसते दगड आणि भांडी असतात.

बीपी-शुगरचे आकडे म्हणजेच सगळी तब्येत, असं नाही. रात्री झोप लागते का, चार माणसांत बसावंसं वाटतं का, सकाळी उठून काही करावंसं वाटतं का, हेही तब्येतीतच येतं. संग्रहालयाची फेरी इथं उपयोगी पडते. घराबाहेर पडणं होतं, थोडं चालणं होतं, सोबतीला माणूस असतं आणि रोजच्या घोरातून मन तासभर सुटतं. यातलं बरंच देवळात किंवा बागेतही मिळतं. संग्रहालयात जास्तीचं मिळतं ते म्हणजे बोलायला विषय. मातीचा दिवा समोर आला की ‘आमच्या ढाळजेत चिमणी असायची’ इथून गोष्ट सुरू होते, आणि औषधं, कर्ज, जमिनीच्या वाटण्या थोडा वेळ मागं पडतात.

२. याला काही पुरावा आहे का, की मनाचं समाधान?

पुरावा आहे, पण तो नीट समजून घ्या. इंग्लंडमध्ये पन्नाशीच्या पुढच्या ६,७१० लोकांची सुमारे १४ वर्षं नोंद ठेवली गेली आणि तो अभ्यास २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. संग्रहालयं, चित्रप्रदर्शनं, नाटकं, मैफली अशा ठिकाणी दर काही महिन्यांनी जाणाऱ्यांमध्ये त्या काळात मृत्यूचा धोका कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३१ टक्के कमी दिसला. वर्षातून एखाद-दोनदा जाणाऱ्यांमध्ये तो १४ टक्के कमी होता.

आता यातली मेख. ज्याचे पाय चालतात आणि खिशात पैसे असतात तोच माणूस जास्त फिरतो. त्यामुळे तब्येत चांगली म्हणून फिरतात, की फिरतात म्हणून तब्येत चांगली, असा प्रश्न उरतोच. संशोधकांनी उत्पन्न, शिक्षण, आजार यांचा हिशेब धरल्यावरही फरक पूर्ण पुसला गेला नाही, पण ‘संग्रहालयामुळेच आयुष्य वाढलं’ असं त्यांनीही म्हटलेलं नाही. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं कला आणि आरोग्य यांवरच्या तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला. आजार टाळण्यापासून आजाराशी जुळवून घेण्यापर्यंत कलेचा आधार होतो, असा त्याचा सूर आहे. घराबाहेर पडायला एवढं कारण भरपूर आहे. बरं होण्याची हमी मात्र यातून कुणी देऊ नये.

३. परदेशात डॉक्टर चिठ्ठीवर संग्रहालय लिहून देतात म्हणे. खरं का?

खरं आहे. कॅनडातल्या माँट्रियलच्या कलासंग्रहालयानं २०१८ मध्ये तिथल्या फ्रेंचभाषक डॉक्टरांच्या संघटनेसोबत ही सोय सुरू केली. रुग्णाला चिठ्ठीवर मोफत प्रवेश मिळू लागला. बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या एका रुग्णालयानं २०२१ मध्ये ताणतणावाच्या रुग्णांसाठी असाच प्रयोग केला. लंडन आणि केंट भागात २०१४ ते २०१७ या काळात एकाकी पडलेल्या ६५ वर्षांपुढच्या लोकांचे गट करून त्यांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा संग्रहालयात बोलावलं जायचं. मला यातला ‘दहा आठवडे’ हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. तीच माणसं, तीच जागा, तोच वार, म्हणजे पुढच्या आठवड्याची वाट पाहायला कारण.

आपल्याकडं चिठ्ठीची वाट पाहायची गरजच नाही. सरकारी संग्रहालयाचं तिकीट नाममात्र असतं. अडचण असते ती नेणाऱ्या माणसाची.

४. मराठवाड्यात जायचं कुठं?

माझं पहिलं बोट तेरकडं. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणाकाठचं हे गाव बहुतेकांना गोरोबाकाकांमुळं माहीत आहे. पण दोन हजार वर्षांपूर्वी हेच ‘तगर’ नावाचं व्यापारी शहर होतं आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासग्रंथात पैठणसोबत त्याचा उल्लेख आहे. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेवरच्या, मातीत सापडणाऱ्या वस्तू जपून ठेवल्या. आजचं सरकारी संग्रहालय त्यांच्याच नावाचं आहे. मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या बाहुल्या आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती तिथं पाहायला मिळते. तिच्यासारखीच मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईच्या उत्खननात सापडली होती. गर्दी नाही, गोंगाट नाही, वस्तू हाताच्या अंतरावर. थकलेल्या माणसासाठी एवढी सोयीची जागा मला दुसरी माहीत नाही.

पैठणला बाळासाहेब पाटील यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं सरकारी संग्रहालय आहे. नाथांचं दर्शन आणि संग्रहालय एका दिवसात आरामात होतं. छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाजवळ, डोंगराच्या पायथ्याशी सोनेरी महाल आहे. बुंदेल्यांच्या पहाडसिंगानं सतराव्या शतकात बांधलेला हा महाल आज राज्य पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय आहे. विद्यापीठाच्या आवारातही इतिहास विभागाचं संग्रहालय आहे.

निघण्याआधी फोन करून चौकशी करा. बरीचशी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, आणि दुरुस्तीसाठी दालन बंद असेल तर दुखऱ्या पायांनी केलेला प्रवास वाया जातो.

५. वेरूळ-अजिंठा चालेल का?

चालेल, पण ती लेणी आहेत. तिथं चढ, पायऱ्या आणि ऊन हे सगळं गृहीत धरावं लागतं. ज्येष्ठांना न्यायचं तर वेरूळ सोपं. कैलास म्हणजे १६ क्रमांकाचं लेणं प्रवेशद्वाराच्या समोरच आहे. तेवढं एकच पाहून परत फिरलात तरी फेरी पूर्ण झाली असं समजा. ३४ लेणी एका दिवसात ‘करायचा’ हट्ट शाळेच्या सहलीला ठीक. अजिंठ्याला चढ आहे, मात्र डोलीवाले मिळतात. आतल्या मंद उजेडात पायाखालचं नीट दिसत नाही, हात धरायला कुणीतरी हवंच. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतं.

६. अर्ध्या तासात माझे पाय भरून येतात, डोकं जड होतं. माझ्यातच काही कमी आहे का?

अजिबात नाही. बॉस्टनच्या संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्येच यावर लेख लिहिला होता. खालच्या फळीतली वस्तू पाहायला माणूस किती वाकतो, लेबल वाचायला मान कशी तिरकी करतो, याचे फोटो काढून त्यांनी दाखवलं की हा थकवा मांडणीमुळं येतो. उभं राहणं, वाकणं, वाचणं आणि दर दोन पावलांवर नवा विषय, हे सगळं एकदम आल्यावर कुणीही थकेल. नांदेड-लातूरकडची मंडळी हैदराबादला गेली की सालारजंग एका दमात उरकतात आणि संध्याकाळी लॉजवर पाय चेपत बसतात. त्यांना विचारा काय पाहिलं, तर घड्याळाच्या पलीकडं फारसं आठवत नाही.

पाऊण तास पुरे. एकच दालन घ्या. दर दहा-पंधरा मिनिटांनी बसा. बाक नसेल तर पहारेकऱ्याला ‘दादा, जरा खुर्ची मिळेल का’ म्हणून विचारा, बहुतेक वेळा ते स्वतःची काढून देतात.

७. मला इतिहासातलं काही कळत नाही. तिथं जाऊन नेमकं करायचं काय?

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात केलेल्या एका पाहणीत, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दिसलं की माणूस एका चित्रापुढं सरासरी २७ सेकंद थांबतो. निम्मे लोक तर १७ सेकंदही थांबत नव्हते. तुम्ही तीनच वस्तू निवडा आणि प्रत्येकीपुढं पाच मिनिटं द्या. आधी लेबल वाचू नका. वस्तू कशाची आहे, झिजली कुठं आहे, कुंभाराच्या बोटाचा ठसा दिसतो का, ही आपल्या घरात असती तर कुठल्या कोनाड्यात ठेवली असती, हे सोबतच्या माणसाशी बोला. लेबल शेवटी. सनावळ्या पाठ नसल्यानं काहीच बिघडत नाही. ज्यानं आयुष्यभर शेती केली, त्याला दगडी जात्याची टाकी कशी लावतात हे अभ्यासकापेक्षा चांगलं कळतं.

८. आईला डिमेन्शिया आहे. तिला न्यावं का? तिला काय समजणार?

न्यावं. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

विसरण्याच्या आजारात अलीकडचं आधी पुसट होतं, लहानपणचं आणि हातांनी वर्षानुवर्षं केलेलं बरंच टिकून राहतं. जुन्या वस्तू नेमक्या तिथं जाऊन भिडतात. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानं काही वर्षं अल्झायमरच्या रुग्णांसाठी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी खास फेऱ्या ठेवल्या. लिव्हरपूलच्या संग्रहालयांनी २०१२ पासून डिमेन्शियाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्यांना प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली.

तेरला एका आजींना त्यांच्या सूनबाई घेऊन आल्या होत्या. घरी आजी दिवसभर पदराचं टोक चाळत बसायच्या, बोलणं जवळपास थांबलेलं. शंखाच्या बांगड्यांच्या कपाटापाशी त्या थबकल्या. डावं मनगट वर धरलं, अंगठा तळव्यात मुडपला आणि कासार बांगडी भरताना हात कसा दाबतो ते उजव्या हातानं करून दाखवलं. मग म्हणाल्या, “दुखतं गं.” सूनबाईंनी त्यांचा हात धरला आणि दोघी बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी आजींना तेर आठवत नव्हतं. आजार कमी झाला नव्हता, होणारही नव्हता. पण ती पाच मिनिटं त्या दोघींची होती, आणि मी त्यांना कमी लेखणार नाही.

काही गोष्टी सांभाळा. सकाळीच न्या, कारण या आजारात संध्याकाळी गोंधळ वाढतो. ‘सांग बरं हे काय आहे?’ अशी परीक्षा घेऊ नका. आठवलं नाही की त्या खजील होतात. ‘किती बारीक काम आहे ना’ असं आपणच म्हणावं आणि थांबावं. चुकीचं बोलल्या तरी दुरुस्त करू नका. पोहोचल्याबरोबर स्वच्छतागृह शोधून ठेवा. नाव आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी पदराला किंवा खिशाला लावा. चलबिचल सुरू झाली तर पाच मिनिटांत परत निघा.

९. बाबा म्हणतात, ‘दगड काय बघायचे, त्यापेक्षा शेतात चक्कर मारतो.’ कसं न्यायचं?

शेतातली चक्कर उत्तमच आहे, ती बंद करू नका. पण ‘तुमच्या तब्येतीसाठी’ म्हणून नेऊ नका, कुठलाही स्वाभिमानी माणूस त्याला नाहीच म्हणेल. ‘नातवाला दाखवायचंय, मला सांगता येत नाही, तुम्ही चला’ म्हणा. जबाबदारी दिली की बाबा पुढं चालतात. एकट्यापेक्षा बरोबरीचा एखादा मित्र, पारावरचा जोडीदार सोबत असेल तर आणखी चांगलं.

१०. गुडघे, शुगर, दमा. काय काळजी घ्यायची?

शुगर असेल तर पायांना बधिरपणा असू शकतो, म्हणून नवी चप्पल घालून जाऊ नका, सवयीचे मऊ बूट घाला. जेवणाची आणि गोळीची वेळ चुकवू नका. दालनात खाता येत नाही, म्हणून आत जाण्याआधी थोडं खा आणि गोडाचं काहीतरी खिशात ठेवा. दम्याच्या माणसानं पंप जवळ बाळगावा. बंद दालनात धूळ असते, लेण्यांत वटवाघळांचा उग्र वास असतो. व्हीलचेअर असेल तर आधी फोन करून उंबरे आणि पायऱ्या किती ते विचारा. जुन्या वास्तूत उंबरा हमखास असतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सार्वजनिक इमारती सुगम असणं हा हक्क मानला आहे. त्यामुळे उतार नसेल तर तिथल्या अभिप्राय वहीत नक्की लिहा. संकोच करू नका.

११. उन्हाळ्यात जावं का?

१८ मे हा जागतिक संग्रहालय दिन, पण तेव्हा आपल्याकडं पारा ४० च्या वर असतो. जाड भिंतींच्या वास्तूत गारवा वाटतो, तरी येण्याजाण्याचं ऊन चुकत नाही आणि वीज गेली की पंखे बंद. ज्येष्ठांसाठी दसऱ्यापासून शिवरात्रीपर्यंतचा काळ चांगला. मे महिन्यात जायचंच असेल तर दार उघडताच आत जा आणि ऊन चढण्याआधी घरी या.

१२. मी सासूबाईंचं सगळं करते. मला फिरायला वेळ कुठं आहे?

प्रश्न ८ मधल्या सूनबाईंनीही हेच विचारलं होतं. सेवा करणाऱ्याची झोप, पाठ आणि मन तिन्ही झिजतात आणि घरात त्याची नोंद कुणी घेत नाही. तुम्ही एकट्यानं जा. नणंदेला, दिराला, शेजारच्या काकूंना महिन्यातून एक सकाळ सांभाळायला सांगा आणि ती सकाळ बाजारहाटात घालवू नका. तिथं कुणी तुम्हाला हाक मारणार नाही. एका वस्तूपुढं गप्प उभं राहिलात तरी चालेल. लंडनमध्ये ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत चित्रदालनात फिरून आलेल्या लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, उतरलेलं दिसलं होतं. तो अभ्यास लहान होता, तरी तुमच्यासाठी मी तो मुद्दाम सांगते.

१३. डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. फिरणं सुरू केलं तर गोळ्या कमी करता येतील का?

नाही. गोळी कमी-जास्त करणं हे फक्त डॉक्टरांचं काम. फेरी गोळीच्या जोडीला घ्यायची, गोळीच्या जागी नाही. आणि मन फारच खचलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर संग्रहालयाचा विचार नंतर. आधी १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. मानसिक आरोग्यासाठीची ही सरकारी सेवा मोफत आणि चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. घरातला माणूस दुष्काळानं, कर्जानं गप्प गप्प झाला असेल तर त्याच्या वतीनं तुम्हीही फोन करू शकता. त्याला एकटं सोडू नका.

१४. आई म्हणते, खंडित मूर्ती पाहू नये, अशुभ असतं. काय सांगू?

आईंशी वाद घालू नका. खंडित मूर्ती देवघरात पूजेला ठेवू नये, अशी आपली रीत आहे. पाहण्याला ती आड येत नाही. भंगलेल्या मूर्तीलाही कुणीतरी छत दिलंय, धूळ पुसतंय, ही तिची सेवाच आहे, असं मी सांगते आणि बहुतेकींना ते पटतं. नमस्कार करावासा वाटला तर खुशाल करू द्या. फक्त हळद-कुंकू, तेल, फुलं नकोत. तेल दगडात मुरतं आणि निघत नाही. तरीही मन घेत नसेल तर मूर्तींचं दालन सोडून नाणी, मणी, भांडी पाहा.

१५. आमच्या घरानं किल्लारीच्या भूकंपात माणसं गमावली. जुन्या संसारातल्या वस्तू पाहून बाबांना त्रास होईल का?

होऊ शकतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ज्यांच्यावर माळवद कोसळलं, त्यांच्यासाठी रांजण, उखळ, लाकडी खांब या नुसत्या जुन्या वस्तू नाहीत. तिथं काय काय ठेवलंय ते त्यांना आधी सांगा आणि यायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. डोळ्यांत पाणी आलं तर ‘रडू नका’ म्हणू नका, शेजारी उभे राहा. बोलले तर ऐका. रडण्यानं मन हलकं होणं वेगळं आणि अंग थरथरणं, श्वास अडकणं, पुढचे दिवस झोप उडणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात लगेच बाहेर या आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. अशा माणसाला पहिल्यांदा नाण्यांच्या किंवा चित्रांच्या दालनात नेणं जास्त सुरक्षित.

१६. आजोबा अंथरुणाला खिळलेत. त्यांच्यासाठी काही?

वस्तू त्यांच्याकडं न्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या मंडळींनी संग्रहालयातल्या वस्तू रुग्णालयात खाटेपाशी नेऊन रुग्णांच्या हातात देऊन पाहिल्या आणि त्यांची मनःस्थिती सुधारल्याचं त्यांना आढळलं. आपल्या घरात अडकित्ता, चंची, पितळी डबा, जुनं पायलीचं माप, बैलाची घुंगुरमाळ असं काहीतरी असतंच. एका वेळी एकच वस्तू हातात द्या. तिचं वजन, थंडपणा, आवाज जाणवू द्या. वस्तू धारदार नको, आणि हिरवा गंज चढलेली असेल तर आधी घासून घ्या.

१७. गावात वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळा) आहेत, वाड्यांत जुनी भांडी आहेत. शाळेत किंवा पारावर आपणच छोटं संग्रहालय केलं तर?

जरूर करा. जमवाजमव, वस्तू पुसणं, कोणाची कुठली ते वहीत लिहिणं, यात गावातल्या म्हाताऱ्या माणसांना जे काम आणि मान मिळतो तो पाहुणा होऊन मिळत नाही. पण तीन गोष्टी पक्क्या ठेवा. वीरगळ जागेवरून हलवू नका. पुरातत्त्व विभागाला कळवा आणि तिथंच सावली, कट्टा करा. दुसरं, नांगरताना किंवा पाया खणताना नाणी, दागिने, मूर्ती सापडल्या तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. तिसरं, शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात. त्यातल्या मूर्ती, चित्रं अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते, आणि परवान्याशिवाय अशा वस्तूंचा व्यापार करता येत नाही. आजीचा पाटा-वरवंटा, मापं, दिवे यांपासून सुरुवात केली तर यातलं काहीच आड येत नाही. देणाऱ्याचं नाव वस्तूखाली मोठ्या अक्षरात लिहा, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं.